हानलेला निघण्याआधी

सातारा,
शनिवार, रात्री

चिरंजीव सई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संध्याकाळी तू फोन मध्येच ठेवलास. दिवसभराच्या प्रवासाच्या तयारीनंतर वडिलांचे तेच ते बोलणे ऐकायला कोणालाही जड जाईल, हे मला समजते. पण ‘डोके जरा ठणकते आहे, गोळी घेतली आहे, आणि सोमवारी पहाटे आम्ही लेहहून हानलेच्या वेधशाळेकडे निघतो आहोत’ हे तू एका दमात सांगितलेस आणि त्यानंतर मला दुसरे काही सुचेनासे झाले. म्हणून लिहायला बसलो. ओंकार या पानांचे फोटो काढून तुला पाठवील. तुमच्या मुक्कामाच्या ठिकाणी वायफाय आले की सावकाश वाच आणि वाचून झाल्यावरच काय ते ठरव.

माझे म्हणणे एका ओळीचे आहे: डोकेदुखी गोळीशिवाय पूर्ण थांबेपर्यंत हानलेच्या गाडीत बसू नकोस. ही ओळ पुन्हा लिहायची नाही असे ठरवून पुढचे लिहितो आहे. नुसते सांगितले की तू ऐकत नाहीस आणि कारण समजले की ऐकतेस, हे तू तिसरीत होतीस तेव्हापासून मी पाहत आलो आहे. म्हणून या घडीला तुझ्या शरीरात काय चालले आहे ते मला जेवढे ठाऊक आहे तेवढे मांडतो.

वर ऑक्सिजन कमी असतो असे सगळेच म्हणतात. हवेतले त्याचे प्रमाण लेहमध्येही इथल्यासारखेच २१ टक्के असते. कमी झालेला असतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो, लेहच्या ३५०० मीटर उंचीवर त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, आणि हानलेच्या वेधशाळेपाशी, ४५०० मीटरवर, साठ टक्क्यांच्या आसपास येतो. दाब उतरला की प्रत्येक श्वासातून फुप्फुसांत पोहोचणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात उतरतो. आपल्या राज्यातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे कळसूबाई, १६४६ मीटर. तिच्या दुपटीहून अधिक उंचीवर तू दिल्लीहून सव्वा-दीड तासात जाऊन उतरलीस. त्या दीड तासात तुझ्या एकाही ऊतीला तयारी करायला सवड मिळालेली नाही.

एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक मोठी गोष्ट ओळखली. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत जगतच नाहीत. त्या रक्ताच्या आणि ऊतींमध्ये झिरपणाऱ्या द्रवाच्या आतल्या परिसरात जगतात, आणि तो परिसर स्थिर राहतो म्हणून प्राण्याला बाहेर मोकळेपणाने फिरता येते. पुढे १९२६ साली अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी या स्थिरतेला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. तुझ्या शाळेच्या पुस्तकात तिला समस्थिती म्हटले होते. माझी सगळी नोकरी रक्ताचे नमुने तपासण्यात गेली. सोडियम १३५ ते १४५, रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५, उपाशीपोटी साखर ७० ते १००, असे आकडे मी रोज लिहीत होतो. निरोगी माणसाचा रिपोर्ट दिसायला अगदी नीरस असतो, पण तेवढा नीरसपणा टिकवण्यासाठी किती ऊती दिवसरात्र राबत असतात हे मनात आले की मला त्या कागदाबद्दल आदर वाटत असे, आजही वाटतो.

आता तुझ्याकडे येतो. मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी जिथे दुभंगते तिथे, काही मिलिमीटरच्या दोन छोट्या गाठी असतात. त्यांतल्या पेशी चेता ऊतीच्या कुळातल्या. त्यांचे काम रक्तातला ऑक्सिजन सतत चाचपत राहण्याचे. विमानाचे दार उघडल्यापासून काही मिनिटांत त्यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला खबर दिली आणि तुझा श्वास तुझ्या नकळत खोल व जलद झाला. ऑक्सिजन थोडा सावरला, पण त्या जोरकस श्वासांबरोबर कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर पडला. कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून आम्ल तयार करतो. तो कमी झाला की रक्ताचा सामू वर चढतो, रक्त अल्कधर्मी होते, आणि तेच श्वसनकेंद्र आता उलटा हुकूम देते की श्वास आवर. एका बाजूने ऑक्सिजन मागणारी मान आणि दुसऱ्या बाजूने सामू सांभाळणारा मेंदू, या ओढाताणीत तू आहेस.

ही ओढाताण झोपेत वाढते. काल रात्री श्वास थांबल्यासारखे होऊन तू दचकून उठलीस, हे तू आईला सांगितलेस, मला सांगितले नाहीस. तिने मला सांगितले, तिच्यावर रागावू नकोस. त्या उंचीवर हे बहुतेकांना होते: काही श्वास मोठे, मग काही क्षण श्वासच नाही, मग पुन्हा मोठे. एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही आणि मी तुला घाबरवायलाही बसलेलो नाही. पण त्यामुळे झोपेत ऑक्सिजन जागेपणीपेक्षा आणखी खाली जातो, आणि म्हणून त्या प्रदेशात दिवसा आपण कुठवर चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला महत्त्व असते. दिवसा फिरून खाली परत येणे वेगळे आणि हानलेला मुक्कामाला जाणे वेगळे.

हा तिढा सोडवतात ती मूत्रपिंडे. त्यांच्या सूक्ष्म नलिकांना आतून अभिस्तर ऊतीचे अस्तर असते आणि त्या अस्तरातल्या पेशी रक्तातले जास्तीचे बायकार्बोनेट, म्हणजे अल्कधर्मी द्रव्य, लघवीवाटे सोडून देऊ लागतात. सामू हळूहळू पूर्वपदावर येतो, श्वसनकेंद्रावरचा दाब उठतो आणि मग माणसाला वरच्या हवेत हवा तेवढा श्वास घेता येतो. पण सई, फुप्फुसे मिनिटांत जे करतात ते उरकायला मूत्रपिंडांना दिवस लागतात. तू शुक्रवारी सकाळी उतरलीस. सोमवारी पहाटे निघालीस तर त्यांना पुरते तीन दिवससुद्धा मिळालेले नसतील, आणि त्यावर तू एका दिवसात आणखी हजार मीटर चढणार. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. आपल्या सैन्यात मैदानातून वर आलेल्या जवानाला पहिल्या टप्प्यावर, म्हणजे साधारण ३६०० मीटरपर्यंत, सहा दिवस ठेवतात आणि पुढच्या टप्प्यावर, ४५०० पर्यंत, आणखी चार. तुम्हाला वेधशाळेचे काम आहे, लढाईला जायचे नाही. मग जवानापेक्षा अधिक घाई तुम्ही का करावी?

ही शिस्त आपल्याच माणसांच्या सोसण्यातून आलेली आहे. १९६२ च्या युद्धाच्या वेळी सपाटीवरचे जवान काही तासांत हिमालयात नेऊन उतरवावे लागले आणि शत्रूची गोळी न लागताही पुष्कळ जण आजारी पडले. त्या काळात लष्करी डॉक्टरांनी अशा १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली तो प्रसिद्ध केला, आणि पर्वतातल्या आजारांविषयी बोलताना जगभरचे डॉक्टर अजूनही त्याचा आधार घेतात. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही त्या आजाराची पहिली लक्षणे आहेत. काल रात्री तू जेवलीस का, हे तू आईलाही सांगितलेले नाहीस.

तुझ्याबरोबरच्या मुलीने डायमॉक्स सुरू केल्याचे तू म्हणालीस. अ‍ॅसिटाझोलामाइड हे तिचे औषधी नाव. मूत्रपिंडांचे तेच बायकार्बोनेट सोडण्याचे काम ती गोळी लवकर करून घेते. त्यामुळे लघवी वारंवार होते, बोटांना मुंग्या येतात, आणि त्याचे भय नाही. पण ती सल्फा जातीची आहे आणि तुझ्या आईला सल्फाने अंगभर पित्त उठले होते, ते तू लहानपणी पाहिलेले आहेस. तेव्हा मैत्रिणीच्या पाकिटातून गोळी घेऊ नकोस. लेहला सोनम नोर्बू रुग्णालय आहे. तिथे जा, आईचा हा त्रास सांग, आणि तिथले डॉक्टर देतील तेवढीच घे. आणखी एक. गोळीने डोके थांबते आणि गोळीचा अंमल उतरला की पुन्हा ठणकते, त्याला डोकेदुखी थांबली असे म्हणत नाहीत.

पुन्हा तिथेच आलो. असो.

तुला आठवते का, तू पाचवीत असताना एका रविवारी मी तुला लॅबमध्ये नेले होते. तुझ्या गालाच्या आतून एका काडीने अलगद खरवडून काचपट्टीवर पसरले, मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकला आणि तुला स्टुलावर उभे केले. तू एक डोळा हाताने झाकून बराच वेळ पाहत राहिलीस आणि म्हणालीस, ‘बाबा, कोणीतरी फरशी बसवली आहे, आणि प्रत्येक फरशीवर एक निळा ठिपका आहे.’ ती अभिस्तर ऊती होती. त्यानंतर मी तुला लेशमन या रंगाने रंगवलेली रक्ताची पट्टी दाखवली, आणि हीसुद्धा एक ऊतीच आहे, संयोजी ऊती, असे सांगितल्यावर तू वाद घातलास की जे वाहते ते ऊती कसे असेल. तुझ्या दादाने असा प्रश्न कधी विचारला नव्हता. परत येताना राजवाड्यापाशी तू भेळ मागितलीस आणि संपूर्ण रस्ताभर त्या ठिपक्यांबद्दल बोलत राहिलीस. हानलेच्या दुर्बिणीवर माझी मुलगी काम करणार हे मी लोकांना सांगतो तेव्हा मला तो स्टूल दिसतो. तुझ्यापुढे मी हे कधी बोललो नाही.

गालाच्या आत त्या फरशीचे थर एकावर एक असतात, कारण तिथे चावणे आणि घासणे असते. फुप्फुसात तसे नसते. तिथे कोट्यवधी वायुकोश आहेत, ते उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर भरतील, आणि त्यांची भिंत एकाच पेशीच्या थराची, तीही अत्यंत सपाट. तिच्या पलीकडे केशवाहिनीची तशीच एकपदरी भिंत. हवा आणि रक्त यांच्यामध्ये या दोन्ही मिळून एक मायक्रॉनदेखील जाडी नसते. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते, यावरून अंदाज कर. भिंत इतकी पातळ आहे म्हणूनच ऑक्सिजन पापणी लवण्याच्या आत रक्तात शिरतो, आणि इतकी पातळ आहे म्हणूनच मला तिची काळजी आहे.

फुप्फुसाला एक सवय आहे. ज्या भागात ऑक्सिजन कमी पोहोचतो तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळतात आणि रक्त चांगली हवा असलेल्या भागाकडे वळवतात. सपाटीवर, कफाने एखादा कोपरा बंद झाला असेल तर, ही व्यवस्था फार उपयोगाची ठरते. पण त्या उंचीवर सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी असतो. वाहिन्या सगळीकडे आवळतात, पण सारख्या आवळत नाहीत, आणि जिथे कमी आवळल्या तिथे रक्त दाबाने घुसते. त्या दाबाने एकपदरी भिंतीतून पाणी वायुकोशात झिरपू लागते. समस्थिती राखण्यासाठीच असलेली व्यवस्था तिथे माणसावर उलटते. हे बहुधा नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान होते. आधी नेहमीच्या चालण्यालाही दम लागतो, कोरडा खोकला येतो. मग स्वस्थ बसले असतानाही धाप लागते. आणि गुलाबी फेस येऊ लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. यावर खरा उपाय ऑक्सिजन देणे आणि ताबडतोब खाली आणणे हाच.

अपशिंग्याच्या राजूकाकांचे तुला अर्धेच ठाऊक आहे. त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणले होते एवढे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी आप्पांना जे सांगितले ते असे की खोकला दोन रात्री आधीपासून होता, पण पलटणीत दौडीला नेहमी पहिला येणारा माणूस खोकल्यासाठी डॉक्टरकडे कसा जाणार, म्हणून ते तोंडावर टोपी दाबून खोकत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या जवानाला त्यांच्या छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज ऐकू आला आणि त्याने आरडाओरडा केला म्हणून ते वाचले. वसूकाकू अजूनही टोपी विणायला घेत नाहीत.

मला हे लिहावे लागते, कारण तू त्यांच्याच जातीची आहेस. प्रतापगडाच्या सहलीच्या आदल्या रात्री ताप अंगात असताना थर्मामीटर लावायच्या आधी बर्फाचे पाणी तोंडात धरून बसणारी मुलगी कोणाची होती? संध्याकाळी तू म्हणालीस, ‘बाबा, मी हिल मॅरेथॉन पळते, मला काय होणार?’ यवतेश्वरच्या चढावर तुला पळताना पाहून माझी छाती भरून आली होती आणि पुढच्या वर्षीही मी त्या वळणावर उभा असेन. पण पळण्याच्या सरावाने हृदयाचा आणि पायांचा स्नायू तयार होतो. मानेतल्या त्या गाठी, मूत्रपिंडाच्या नलिका, फुप्फुसातल्या वाहिन्या यांना त्या सरावाचा काही उपयोग होत नाही. कोणाला त्रास होईल हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. उलट धट्ट्याकट्ट्या माणसाचे पहिल्या दिवसापासून भरभर चालण्याकडे मन असते, ओझी उचलायला तोच पुढे होतो, आणि म्हणून तोच जास्त सापडतो. तू पहिल्याच दिवशी उपकरणांच्या पेट्या उतरवायला मदत केलीस. ते मला कौतुकाने सांगायचे म्हणून सांगितलेस, आणि मी कौतुक केले नाही. ते आता करतो, पण तशी मदत पुढच्या मुक्कामी पहिले दोन दिवस करू नकोस.

रक्ताबद्दल लिहायचे राहिले. माझा तोच विषय, म्हणून जरा लांबेल. लॅबमध्ये आम्ही केसासारख्या बारीक काचनळीत रक्त घेऊन ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवत असू. थांबल्यावर नळी उजेडात धरली की खाली गडद तांबडा स्तंभ, वर गव्हाळ पिवळे द्रव्य आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींची अगदी बारीक रेघ दिसते. त्या तांबड्या स्तंभाची उंची म्हणजे पीसीव्ही. निरोगी बाईत साधारण ३६ ते ४६ टक्के. आज तुझे रक्त तपासले तर तो स्तंभ इथल्यापेक्षा थोडा उंच दिसेल आणि कोणी म्हणेल की रक्त वाढले. ते खरे नव्हे. तिथे आल्यावर लघवी वाढते, पिवळे द्रव्य कमी होते, म्हणून तांबडा भाग मोठा दिसतो. खरी नवी पेशी यायला वेळ लागतो. ऑक्सिजन कमी झाल्याचे मूत्रपिंडांतल्याच काही पेशी ओळखतात, काही तासांत एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि ते हाडांच्या आतल्या मज्जेत जाऊन तांबड्या पेशींचे उत्पादन वाढवते. पेशीला ऑक्सिजन कमी पडल्याचे कळते कसे, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. मज्जेची ताकद अशी की एरवीही ती दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी तयार करते. तरीही शरीरातल्या एकूण पेशींत म्हणावी तशी भर पडायला काही आठवडे जातात. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे तू दिवाळीला घरी येशील तेव्हा लडाखमध्ये तयार झालेल्या पेशी तुझ्या अंगात फिरत असतील. मी तुझ्या बोटातून एक थेंब घेऊन पट्टी करणार आहे, नाही म्हणू नकोस.

मात्र हे सगळे लांबणीवरचे आहे. या आठवड्यात नव्या पेशी तुझ्या मदतीला येणार नाहीत, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

मेंदूविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते लिहिताना माझा हात चालत नाही. ऑक्सिजन कमी पडल्यावर मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कवटीत जागा मोजकी असते, आणि डोके ठणकू लागते. बहुतेकांचे ते विश्रांतीने एक-दोन दिवसांत थांबते. क्वचित मेंदूला सूज येते, आणि तेव्हा माणूस पहिल्यांदा तोल घालवतो. जमिनीवर एक सरळ रेघ धरून पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला लावत चालून पाहायचे. दारू न पिता जर कोणी त्या रेघेवरून झोकांड्या देऊ लागला, विसंगत बोलू लागला किंवा नुसताच गप्प गप्प झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. ज्याला हे होते त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणूनच बरोबरच्यांना आधी सांगून ठेवावे लागते. तू सांगितले आहेस का कोणाला, की तुझे डोके दुखते आहे?

आणि आता माझ्या मनातले सांगतो. संध्याकाळपासून मी नकाशा पाहतो आहे. लेहहून उपशी, चुमाथांग, न्योमा, लोमा असे सिंधूच्या काठाने जाऊन मग हानले. सगळा मिळून अडीचशे किलोमीटरांहून अधिक. आपल्याकडे डोंगरावर कोणाला बरे वाटेनासे झाले तर तासाभरात पायथा गाठता येतो. तिथे तसा पायथाच नाही. हानलेहून निघालेली गाडी कितीतरी तास चार हजार मीटरच्या आसपासच धावत राहते. न्योमासुद्धा ४१०० मीटरच्या वर आहे. ‘काही वाटले तर लगेच खाली येईन’ असे तू म्हणालीस ते मनापासून म्हणालीस, पण तिथून लगेच खाली येताच येत नाही. म्हणून जे थांबायचे ते लेहलाच थांबायला हवे. लेहला डॉक्टर आहेत, ऑक्सिजन आहे, विमानतळ आहे. दोन दिवसांनी निघालात तरी दुर्बीण तिथेच असणार आहे. वाटेत चुमाथांगला एक मुक्काम करता आला तर तोही करा. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत असे म्हणतात, आणि उंची हानलेपेक्षा कमी आहे.

हे पत्र काही वेळापूर्वीच व्याख्यान होऊन बसले आहे, ते मला दिसते. माफ कर. तू सव्वीस वर्षांची इंजिनियर आहेस, तुझ्या वरिष्ठांनी या भागात अनेकदा काम केलेले आहे आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, हेही मी मान्य करतो. पण त्यांना तुझे डोके दुखते आहे हे ठाऊक नाही. तू सांगितल्याशिवाय ते ठाऊक व्हायचे कसे? एवढे एक काम तू आज रात्रीच कर. पहिल्याच मोहिमेत आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया गेला असे कोणी म्हणेल, ही भीती मला कळते. मुलगी असल्यामुळे ती भीती दुप्पट असते, हेही कळते. तरीही सांग. जो प्रमुख हे ऐकून दोन दिवस थांबतो त्याच्यासोबत काम करण्यात अर्थ आहे.

बाकी सांगायचे ते तुला येतेच. तिथली हवा कोरडी आहे आणि श्वास जास्त चालतो, म्हणून तहान लागली नाही तरी पाणी पीत जा. लघवी साफ आणि फिकी असली म्हणजे पुरे, उगाच लोटेच्या लोटे पिऊ नकोस. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी घेऊ नकोस, तिने श्वास आणखी मंदावतो. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून घेतात आणि आतली ३७ अंशांची ऊब राखतात, त्यासाठी बोटांच्या टोकांचे रक्त आधी काढून घेतात. तेव्हा उपकरणाच्या धातूला उघड्या हाताने शिवू नकोस. आईने दिलेले मेतकूट आणि भाजणी संपवून टाक. भूक लागत नसली तरी भाताबरोबर चार घास जातात, आणि पिठुळ अन्नातून तेवढीच ऊर्जा मिळवायला ऑक्सिजनही चरबीपेक्षा कमी लागतो.

आप्पांना मी यातले काही सांगितलेले नाही. त्यांना तू लेहला पोहोचलीस आणि तिथे थंडी आहे एवढेच माहीत आहे, आणि ते रोज संध्याकाळी बातम्यांत लडाखचे तापमान ऐकून मला कळवतात. तुझी आई माझ्यापेक्षा शांत आहे. ती म्हणते की मुलगी शहाणी आहे, तिला एकदा सांगितले की पुरे. मला एकदा सांगून पुरत नाही.

उद्या सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, दोन मिनिटे स्वस्थ बसून ऑक्सिमीटर लाव आणि आकडा मला पाठव. लेहला नव्वदीच्या आसपास दिसला तर मी काही म्हणणार नाही. इथले सत्त्याण्णव तिथे दिसणार नाहीत हे मला माहीत आहे. त्याच्याबरोबर रात्री कशी झोप लागली, काय जेवलीस, आणि गोळी न घेता डोके कसे आहे हेही लिही. जसे असेल तसे लिही. सोमवारचे जाणे पुढे ढकलले असेल तर तेही कळव. आणि सगळे ठीक असून निघणारच असाल, तर गाडीत ऑक्सिजनचे नळकांडे भरलेले आहे का ते स्वतः पाहून मग बस.

तुझे,
बाबा

ता. क. : रेघेवर चालून पाहण्याची चाचणी एकटीने खोलीत करू नकोस. तुझ्याबरोबरच्या त्या मुलीला समोर उभे कर, आणि मग तिची तू घे. हानलेला पहिल्या तिन्ही रात्री दोघींनी एकाच खोलीत झोपा.